कॅमेरा दुसरीकडे कुठे ठेवता आला असता?

तुम्ही तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवता आणि शनिवारी दुपारी मुलांना सिनेमे दाखवता. नंतरच्या चर्चेत ‘या चौकटीतून अमुक सुचवलंय’ असं तुम्ही म्हणालात की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘सर, दिग्दर्शकानं खरंच एवढा विचार केला असेल का? की आपणच अर्थ चिकटवतोय?’ त्या मुलाला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत.

मी सव्वीस वर्षं सिनेमांचं संकलन करते आहे, म्हणजे घेतलेले शॉट कापून एकमेकांना जोडते. त्या अनुभवावर सांगते, कारण हा प्रश्न दामटून गप्प बसवण्यासारखा नाही. तो मुलगा बरोबर जागी बोट ठेवतोय.

विचार प्रत्येक वेळी केलेला असतोच असं नाही. निवड मात्र प्रत्येक वेळी केलेली असते, कारण ती टाळताच येत नाही. कथाकार ‘आई खोलीत बसली होती’ एवढं लिहून पुढे जाऊ शकतो. आम्हाला ते जमत नाही. आई दाराकडे तोंड करून बसली आहे की पाठ करून? उजेड खिडकीतून येतोय की डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा आहे? तिच्या मागे भिंत किती दिसते, त्या भिंतीवर काय टांगलंय, पंख्याचा आवाज येतोय का? यातलं काहीच न ठरवता शॉट घेता येत नाही. कॅमेरा एका वेळी एकाच जागी उभा राहतो. तो तिथे ठेवला म्हणजे बाकीच्या सगळ्या जागा नाकारल्या. अर्थ जन्माला येतो तो या नाकारण्यातून. म्हणून मुलांना ‘याचा अर्थ काय’ हे आधी विचारू नका. आधी विचारा, ‘इथे दुसरं काय करता आलं असतं?’ तो दुसरा शॉट मनात रचून पाहिला की पडद्यावरचा शॉट काय सांगतोय ते आपोआप उघडं पडतं.

मुलांनी पाहिलेलं असेल असंच उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३चा. शेवटाकडे जब्या या शाळकरी मुलाच्या कुटुंबाला गावातली डुकरं धरायला लावतात. बराच वेळ धावाधाव चालते, वर्गातली पोरं बघत असतात, हसत असतात. अखेर डुक्कर धरलं जातं, काठीला बांधून खांद्यावर घेतलं जातं, आणि ही माणसं एका भिंतीसमोरून चालत जातात. भिंतीवर बाबासाहेबांची, सावित्रीबाईंची आणि इतर थोरांची चित्रं रंगवलेली आहेत.

आता दुसरं काय करता आलं असतं ते बघा. जब्याच्या चेहऱ्याचा क्लोज घेता आला असता. तो मान वर करून बघतो, मग बाबासाहेबांचं चित्र, मग पुन्हा जब्या, डोळ्यांत पाणी, खालून सारंगी. आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वद सिनेमांनी हेच केलं असतं आणि प्रेक्षक रडलाही असता. पण त्या कटिंगमध्ये एक गडबड आहे. चेहरा वेगळा शॉट, चित्र वेगळा शॉट. दोघांचं नातं मी, म्हणजे संकलकानं, टेबलावर बसून जोडलेलं असतं. प्रेक्षकाला मनातल्या मनात ते कळतं. हे कुणीतरी आपल्याला दाखवतंय, सांगतंय, असं वाटत राहतं. ‘फँड्री’त माणसं, डुक्कर आणि भिंत एकाच चौकटीत आहेत. मधे कात्री नाही. त्यामुळे हे नातं सिनेमावाल्यानं लावलेलं राहत नाही, ते त्या गावातच आहे. भिंतही त्याच गावाची आणि वाटही त्याच गावाची. रोज तिथून कुणी ना कुणी जातच असणार. कटनं जोडलेली गोष्ट हे माझं म्हणणं असतं. एका चौकटीत सापडलेली गोष्ट हा पुरावा असतो. तुमच्या विद्यार्थ्यांना एवढा एक फरक जरी डोळ्यानं कळला, तरी वर्षभराचं काम झालं असं मी म्हणेन.

त्याच भागात थोडं आधी राष्ट्रगीताचा प्रसंग आहे. डुकरामागे पळापळ चाललेली असताना शाळेकडून ‘जन गण मन’ ऐकू येतं आणि सगळे जिथल्या तिथे ताठ उभे राहतात. इथली निवड गतीची आहे. आधीची मिनिटंच्या मिनिटं नुसती पळापळ आहे: धूळ, आरडाओरडा, दगड. म्हणून ते थांबणं एवढं जड होतं. हाच प्रसंग एखाद्या शांत दृश्यानंतर आला असता तर नुसता शिस्तीचा वाटला असता. शॉट एकटा कधी बोलत नाही. त्याच्या आधी काय होतं यावर त्याचा सूर ठरतो. गाण्यातला षड्ज जसा तानपुऱ्यावर ठरतो, तसंच हे.

शेवटचा दगड तर सगळ्यांनाच आठवतो. जब्या भिरकावतो, दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. तोवर आपण खुर्चीत बसून, हसणाऱ्या त्या पोरांसारखेच, ही धावाधाव बघत होतो. कॅमेरा चार फूट बाजूला असता तर दगड टोमणे मारणाऱ्यालाच लागला असता आणि आपण निवांत घरी गेलो असतो.

आता अगदी उलट स्वभावाचा सिनेमा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर खटला आहे. त्याचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. वीरा साथीदार यांनी कांबळेचं काम केलंय, ते आता आपल्यात नाहीत.

हा सिनेमा दाखवला की मुलं पहिल्या पंधरा मिनिटांत चुळबुळायला लागतील, ‘सर, कॅमेरा हलतच नाही.’ तिथेच थांबून विचारा, का हलत नसेल? कोर्टातल्या नाट्याची आपल्याला सवय असते. वकील गरजतो, हातोडा आपटतो, आरोपीच्या कपाळावरचा घाम क्लोजमध्ये दिसतो. इथे कॅमेरा लांब आणि स्थिर आहे. माणूस येतो, बोलतो, जातो. साक्षीदार आपल्या भाषेत आपलं दुःख सांगतो आणि न्यायाधीश त्याचं नोंदीसाठी इंग्रजी करून टंकलेखकाला सांगतात. माणूस काय बोलला आणि कागदावर काय गेलं, हे दोन्ही एकाच शॉटमध्ये आपल्यासमोर घडतं. मी जर साक्षीदाराच्या चेहऱ्यावर कट केला असता, तर आपण त्याच्या दुःखात शिरलो असतो आणि ती नोंद पार्श्वभूमीला गेली असती. अंतर राखल्यामुळे आपल्याला यंत्रणा दिसते. लांबून पाहणं म्हणजे कोरडेपणा, असं इथे अजिबात नाही. काही गोष्टी जवळ गेलं की दिसेनाशा होतात, आणि यंत्रणा ही त्यातलीच एक.

आणखी एक बघायला सांगा. सरकारी वकीलबाई कोर्ट सुटल्यावर लोकलनं घरी जातात, स्वयंपाक करतात. बचावाचे वकील गाडीतून जातात, सुपरमार्केटात खरेदी करतात. दोघांपासूनही कॅमेरा साधारण तेवढाच लांब आहे. एकीला खलनायिका करायला फार लागलं नसतं, कॅमेरा थोडा खाली घेतला आणि उजेड एका बाजूनं टाकला की झालं. ते केलेलं नाही. म्हणून गीतांजली कुलकर्णींनी उभी केलेली ती बाई आपल्याला शेजारची वाटते, आणि तीच बाई उद्या कोर्टात उभी राहून काय मागणार आहे हे आठवलं की पोटात गोळा येतो.

आणि मग तो शॉट, ज्यासाठी मी हा सिनेमा कितीतरी वेळा पाहिलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. कामकाज संपतं, माणसं एकेक करून बाहेर पडतात. दिवे बंद होतात. दार लागतं. खोली अंधारात जाते. आणि कॅमेरा तिथेच राहतो.

आमच्या धंद्यात हात कसा शिकलेला असतो ते सांगते. क्रिया संपली की कट. माणूस दारातून बाहेर गेला, त्याची पाठ दिसेनाशी झाली की बोटं आपोआप कीबोर्डवर जातात. मी तो शॉट कापला असता तर शेवटचा माणूस बाहेर पडताच कापला असता, आणि तो नुसता ‘दिवस संपला’ एवढंच सांगणारा शॉट झाला असता. इथे या सिनेमाचे संकलक रिखव देसाई यांनी माणसं गेल्यानंतरही शॉट चालू ठेवलाय. माणसं निघून गेल्यावर शॉटमध्ये उरतं काय? खोली. म्हणजे विषय बदलला. इतका वेळ आपण माणसांकडे बघत होतो, आता त्या जागेकडे बघतोय, जी माणसांशिवायही तशीच राहणार आहे. कांबळे कोठडीत आहे, कोर्टाला सुट्टी लागली आहे, आणि हा अंधार त्याच्या वाट्याच्या वेळाचा एक तुकडा आहे. काही सेकंद आपण तो अंधार सोसतो आणि सिनेमा संपला असं समजतो. तो संपत नाही. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. बाकावर त्यांचा डोळा लागतो, पोरं जवळ येऊन ओरडतात, ते दचकून उठतात, एका पोराला थोबाडीत देतात आणि पुन्हा पेंगायला लागतात. कोर्टातल्या अंधारावर संपवला असता तर सिनेमा भव्य झाला असता. या बाकावर संपवल्यामुळे तो खरा झाला.

आता मागच्या बाकावरच्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येते, कारण वरची उदाहरणं ऐकून तो म्हणेल, ‘पण हे सगळं आधीच ठरवलेलं होतं कशावरून?’

माझ्याच टेबलावरची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एक लघुपट संकलित केला. त्यात एक प्रसंग होता. नवरा ओट्यावर बसून फोनवर जमिनीचा व्यवहार पक्का करतोय, आत बायको परातीत तांदूळ निवडते आहे. चित्रीकरणात तीन गोष्टी मिळाल्या होत्या: दोघं दिसतील असा मास्टर, नवऱ्याचा क्लोज आणि बायकोच्या हातांचा एक शॉट. दिग्दर्शकाच्या मनात प्रसंग नवऱ्याचा होता. पण ‘उद्या सही करून टाकू’ हे वाक्य ज्या टेकमध्ये सगळ्यात चांगलं आलं होतं, त्यात नेमका फोकस गेला होता. पुन्हा चित्रीकरण करायला पैसे नव्हते. म्हणून मी ते वाक्य बायकोच्या हातांवर टाकलं.

हात तांदूळ पसरत होते, खडे बाजूला काढत होते. ‘सही’ हा शब्द आला आणि योगायोगानं बोटं थांबली. मोजले, एकोणीस फ्रेम. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, म्हणजे सेकंदही पुरा नाही. त्या वेळी त्या अभिनेत्रीला बहुधा पुढच्या सूचनेची वाट बघायची होती. एकोणीस फ्रेमनंतर बोटांनी एक खडा उचलला आणि परातीच्या कडेला ठेवला. मी कट तिथपर्यंत लांबवला. पहिल्या कच्च्या जुळणीत हात थांबल्याबरोबर मी शॉट कापला होता, तेव्हा बाई धसकली एवढंच कळत होतं. खडा ठेवेपर्यंत थांबल्यावर कळलं की तिनं ऐकलं, गिळलं आणि काम चालू ठेवलं. एका खड्याच्या फरकानं बाई बदलली.

यातलं आधी काय ठरवलं होतं? काहीच नाही. फोकस गेला हा अपघात, बोटं थांबली हाही अपघात. पण मी आणि दिग्दर्शकानं तो कट पाहिला, दुसऱ्या सहा पर्यायांशी ताडून पाहिला आणि हाच ठेवला. ठेवणं हीच निवड. तेव्हा त्या मुलाला सांगा की सिनेमातला अर्थ दर वेळी आधी डोक्यात येऊन मग पडद्यावर उतरतो असं नाही. पुष्कळदा तो हाताखालच्या सामानात सापडतो, आणि सापडल्यावर त्याला जागा करून द्यावी लागते. भांडं घडवताना कुंभाराला माती जे सुचवते, त्यातलाच हा प्रकार.

त्याच प्रसंगाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण आवाजाबद्दल मुलं फार कमी बोलतात. शॉट संपले की ध्वनिमुद्रक सगळ्यांना अर्धा-एक मिनिट गप्प उभं करतो आणि त्या जागेची शांतता मुद्रित करून घेतो. आम्ही तिला रूम टोन म्हणतो. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते. त्या घराच्या शांततेत लांबवर शेतातल्या पाण्याच्या पंपाची घरघर होती. ज्या जमिनीचा सौदा चालला होता, तिकडूनच येणारी. बोटं थांबतात तिथे आम्ही ती घरघर अगदी जराशी वर घेतली. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकीच. हे मात्र पूर्णपणे ठरवून केलेलं होतं.

पुढे तो लघुपट एका वाहिनीनं दाखवला आणि आम्हाला न विचारता त्या जागी बासरी टाकली. चित्रातली एक फ्रेमही बदललेली नव्हती. पण माझी बाई नाहीशी झाली होती. तिथे एक बिचारी बसली होती. बासरीनं आधीच सांगून टाकलं होतं की इथे वाईट वाटून घ्या. मला त्याचा राग आजही येतो, आणि तरी वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

पार्श्वसंगीत नसणं हीसुद्धा निवड असते, आणि आपल्याकडे ती फार जुनी आहे. प्रभातचा ‘कुंकू’, १९३७ सालचा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला मान्यता द्यायला नकार देते. व्ही. शांताराम यांनी या सिनेमाला पार्श्वसंगीत दिलंच नाही, घरातले आणि बाहेरचे खरे आवाज वापरले. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, गाण्यांचा सुकाळ होता. अशा काळात नीरा ज्या घरात अडकली आहे, ते घर आपल्याला कानानं ऐकायला लावलंय. तिची कीव करायला सांगणारं कुणी नाही, आणि ती कीव मागतही नाही.

‘सैराट’चं उदाहरण मुलांना लगेच पटेल. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासह मुद्रित केलं. पहिला अर्धा भाग त्या सुरांत न्हालेला आहे, स्लो मोशनमध्ये पळणारा आहे. आपणही ते गाणं गुणगुणत थिएटरात बसलेलो असतो. आणि शेवटी ते लहान मूल घराबाहेर पडतं, रक्ताची पावलं उमटत जातात, तेव्हा आवाजच नाही. संगीत नाही, रडणं नाही, काही नाही. आधी एवढं भरभरून दिलं नसतं तर हे काढून घेणं जाणवलंच नसतं. मुलांना सांगा, पहिल्या भागातली गाणी ही त्या शेवटाचीच तयारी आहे. काही जण मानणार नाहीत. वाद होऊ द्या.

लेन्सबद्दल थोडक्यात. गल्लीतून चालत येणारा माणूस २४ मिलिमीटरच्या लेन्सनं घेतला तर गल्ली, ओटे, तारा, कुत्री सगळं त्याच्याबरोबर येतं. तोच ८५नं लांबून घेतला तर मागचं धूसर होऊन त्याच्या पाठीला चिकटतं आणि तो गर्दीतही एकटा पडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या दोन लेन्सनीही हे पाच मिनिटांत करून बघता येईल, भाषणापेक्षा ते बरं.

एका गोष्टीपासून मात्र मुलांना जपा. पुस्तकांत कोष्टकं असतात: कॅमेरा खालून म्हणजे माणूस बलवान, वरून म्हणजे दुबळा, लाल म्हणजे धोका. परीक्षेला ती सोयीची पडतात आणि डोळे मारून टाकतात. जमिनीवर खेळणाऱ्या बाळाच्या उंचीवर कॅमेरा ठेवला तर घरातले सगळेच खालून दिसतील, ते बलवान म्हणून नव्हे. लाल रंग कुंकवाचा असतो, बैलाच्या झुलीचा असतो, एसटीचाही असतो. त्या सिनेमात लाल आधी कुठे आला आणि कुठे मुद्दाम येऊ दिला नाही, यावर त्याचं मोल ठरतं. शब्दाचा अर्थ वाक्यात बघावा, हे तुम्ही मराठीच्या तासाला सांगतच असाल. तेच इथे.

शनिवारी असं करून बघा. आख्खा सिनेमा नको, ‘फँड्री’तला तो भिंतीचा भाग तेवढा लावा. एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकत, मग नीट. नंतर प्रत्येकाला वहीच्या अर्ध्या पानावर तोच प्रसंग आपल्या पद्धतीनं तीन-चार चौकटींत काढायला सांगा. चित्र नाही आलं तरी चालेल, काड्यांची माणसं पुरेत. बहुतेकांच्या वहीत जब्याचा क्लोज येईल. ती वही पडद्याशेजारी धरा आणि काही बोलू नका.

पुढच्या शनिवारी ‘कोर्ट’. कोर्टातले दिवे बंद होऊन पडदा काळा झाला की तुमच्या वर्गातलं कुणीतरी संपला म्हणून ट्यूबलाइट लावायला उठेल. उठू द्या. तो बटणापाशी पोचेपर्यंत सिनेमा पुन्हा सुरू झालेला असेल. मग त्यालाच विचारा, अंधारात उभं राहून काय वाटलं.